‘नवाकोरा’ कॅमशाफ्ट: ३८५ डॉलर गेले आणि इंजिनही

१९६९च्या शेवरले कॅमॅरो गाडीचं ३५० घन इंचांचं स्मॉल ब्लॉक (व्ही-८) इंजिन. त्यासाठी ‘जुन्या स्टॉकातला, न वापरलेला’ म्हणून मला विकलेला फ्लॅट टॅपेट कॅम, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आधी वापरलेला, मग घासून पुन्हा काळा केलेला निघाला. सोबत १६ लिफ्टर, म्हणजे कॅमच्या उंचवट्यांवर (लोबवर) टेकून वर-खाली होणारे ठोकळे. ३८५ डॉलर. तीन टक्के फी वाचेल असं विकणारा म्हणाला, म्हणून पैसे ऑनलाइन ‘मित्र-नातेवाईक’ पर्यायातून पाठवले. खरेदीदाराचं संरक्षण तिथेच संपलं. लिहितानाही लाज वाटते.

पण त्याहून जास्त जळतं ते पुढचं. लिफ्टरच्या तळावर पोलादी पट्टी उभी धरली, तर उजेड मधून आला. नव्या लिफ्टरचा तळ मधे किंचित फुगीर असतो. उजेड दोन्ही कडांना दिसायला हवा. त्या फुगीरपणामुळे आणि लोबच्या बारीक उतारामुळे लिफ्टर स्वतःभोवती फिरतो. तळ खोलगट झाला की फिरणं थांबतं आणि तो लोब खातो. हे मला माहीत होतं! पट्टीच वाकडी असेल, अशी मनाची समजूत घातली.

ब्रेक-इनमध्ये, म्हणजे नवा कॅम पहिल्यांदा चालवताना, माझी चूक नव्हती. लोबवर मॉली पेस्ट (घट्ट वंगण), जास्त झिंकचं तेल, ड्रिलने तेलाचा पंप फिरवून इंजिनात आधीच चढवलेलं. सुरू होताक्षणी २,००० ते २,५०० आरपीएम. तरी तीन लोबांची नाकं सपाट झाली, चुरा तेलातून बेअरिंगपर्यंत गेला. गॅस्केट ५८, तेल-फिल्टर ७१, मशीन शॉप ९४०. कॅम धरून १,४५४ डॉलर.

बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलीस म्हणतात, हा दिवाणी वाद. ऑनलाइन तक्रारीचा नुसता क्रमांक मिळाला. झिजलेले लिफ्टर टेबलावर ठेवले, तर अधिकारी विचारतो, “हे तुमच्याच गाडीत झिजले नाहीत कशावरून?” फोटो, मापं, पावत्या, सगळं समोर होतं. कागदाला हातही लावला नाही.

कॅम घेताना कॅम कार्ड, म्हणजे त्याच्या मापांचा कागद, मागाच. मायक्रोमीटरने लोबची टाच ते नाक मापा, त्यातून बेस सर्कलचा (लोबच्या गोल भागाचा) व्यास वजा करा, उरलेल्या लिफ्टला (उंचीला) १.५ने, म्हणजे या इंजिनात व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या गुणोत्तराने, गुणा; कार्डावरच्या व्हॉल्व्ह लिफ्टशी (व्हॉल्व्ह किती उघडतो त्याच्याशी) जुळलं पाहिजे. घासलेल्या कॅमचं बेस सर्कल लहान असतं. खरं सांगून विकलेला रिग्राइंड (पुन्हा घासलेला कॅम) वाईट नसतो. नवे लिफ्टर आणि मापून घेतलेले पुशरॉड (लिफ्टर आणि रॉकरमधल्या काड्या) घातले की चालतो. नव्या कॅमवर वापरलेले फ्लॅट लिफ्टर मात्र कधीच नाही.

त्या विकणाऱ्याची जाहिरात अजून आहे, किंमत आता ३६०. लिफ्टरच्या तळाचे फोटो मागा. मला त्याने फक्त वरच्या बाजूचे पाठवले होते.