मार्कर की मेटाबोलाइट?

पिकाचं चांगलं वाण निवडायला दोन वाटा: डीएनए मार्कर, म्हणजे हव्या गुणाशी जोडलेली डीएनएमधली खूण, किंवा मेटाबोलाइट, म्हणजे रोपात तयार होणारी साखरेसारखी छोटी रसायनं. मार्करची चाचणी रोप कोवळं असतानाच होते. पान सकाळी तोडा की रात्री, उत्तर तेच. मेटाबोलाइटचं तसं नाही: ऊन चढलं, पाणी कमी पडलं की पानातली साखर, अमिनो आम्लं बदलू लागतात. म्हणून पान तोडताक्षणी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचं. काम खर्चिक आणि किचकट.

मक्यात बीटा-कॅरोटीन (शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व होतं ते द्रव्य) वाढवायला मार्कर बऱ्यापैकी पुरतो. तिथे मोजके जनुक मोठं काम करतात. दुष्काळ सोसण्याची ताकद मात्र असंख्य जनुकांत विखुरलेली. तिथे मला मेटाबोलाइटच भरवशाचे वाटतात, कारण रोपात प्रत्यक्ष काय घडलं ते तेच सांगतात. आणि कसाव्यातलं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदातलं, सायनाइड सोडणारं लिनामरिन? कोरड्या हंगामात ते वाढतं. ते थेट मोजायलाच हवं, खाणाऱ्याच्या जिवाशी गाठ आहे.