बाळ झाल्यावर गावातली खुली व्यायामशाळा : कोणतं यंत्र धरावं, कोणतं सोडावं

ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत, जिल्हा परिषद शाळेच्या कुंपणाला लागून, नाहीतर मारुतीच्या देवळामागं सात-आठ रंगीत लोखंडी यंत्रं उभी असतात. विदर्भातल्या बऱ्याच गावांत आता हा संच दिसतो. त्याला पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही, कुलूपही नसतं. तालुक्याची जिम पंधरा-वीस किलोमीटरवर आणि घरात चार महिन्यांचं लेकरू, अशा आईबापांच्या हाताशी व्यायामाची हीच सोय आहे. तरी तिथं दिसतात ती तरणी पोरं आणि झोके घेणारी मुलं. म्हणून हे परीक्षण खास नव्या आईबापांसाठी.

गुण आधीच देऊन टाकू: पाचपैकी साडेतीन. एक गुण कापला तो यंत्रांच्या निवडीसाठी, कारण बाळंतिणीला सर्वांत जास्त खुणावणारी दोन यंत्रं तिनं टाळायचीच आहेत. उरलेला अर्धा गेला देखभालीत.

सुरुवात कधी करायची, हा पहिला प्रश्न. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. शेवटची भेट सव्वा महिना उलटल्यावर लगेच पडते, म्हणजे घरचा रिवाज आणि आरोग्याचा हिशेब इथं जुळतो. ४२ व्या दिवशी तिच्याशी तीन गोष्टी स्पष्ट बोला: रक्तस्राव थांबला का, टाके भरले का, हिमोग्लोबिन किती आहे. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांनी पोट तपासून हो म्हटल्याशिवाय यंत्राला हात लावू नका. तोवर अंगणात चालणं आणि ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम पुरेसा आहे. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरल्यासारखं आतून आवळायचं, पाच सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लेकराला पाजताना हे आरामात होतं. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र धार रोखून सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

व्यायामशाळेत जाण्याआधी घरी एक तपासणी करा. बाजेवर नको, खाली सतरंजीवर उताणं झोपा, गुडघे दुमडा, डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून दाबा. पोटाचे दोन उभे स्नायू गरोदरपणात बाजूला सरकलेले असतात. मधल्या फटीत दोनपेक्षा जास्त बोटं बसत असतील, किंवा डोकं उचलताच मध्ये उभा फुगवटा येत असेल, तर पोट अजून जुळलेलं नाही. अशा वेळी फिजिओथेरपिस्टला दाखवणं चांगलं.

आता यंत्रं. कंबर फिरवायची गोल चकती, म्हणजे ट्विस्टर, हिची बायकांना सर्वांत जास्त भुरळ पडते. पोट कमी होतं असा समज आहे. होत नाही. झोक्यावर कंबर गरागरा फिरते तेव्हा स्नायूला काम जवळजवळ नसतं आणि ताण येतो तो कमरेच्या सांध्यांवर. गरोदरपणात सैल झालेले सांध्यांचे बंध बाळंतपणानंतरही काही महिने पूर्ण घट्ट झालेले नसतात. चकती सोडाच. दुसरं टाळायचं यंत्र म्हणजे सिट-अपचा तिरपा बाक. फट असलेल्या पोटानं सिट-अप मारले की आतला दाब मधूनच बाहेर ढकलतो. ज्या पोटासाठी एवढी धडपड चालली आहे, त्याचंच त्यानं नुकसान होतं.

एअर वॉकर, लोंबत्या पायपट्ट्यांचं यंत्र, तब्येतीला वाईट नाही, पण ते फसवं आहे. एकदा झोका बसला की पाय आपोआप हलतात आणि चालल्याचं समाधान मिळतं. त्यापेक्षा नाल्यापर्यंत झपझप चालून आलेलं जास्त कामाचं. अंग मोकळं करायला दोन मिनिटं वापरा, तेही लहान झोक्यात. पाय फार फाकले तर जांघेच्या मधल्या हाडाजवळ कळ येते. बाळंतपणात तो सांधा दुखावलेला असेल तर ती कळ आठवडाभर पुरते. क्रॉस ट्रेनर, म्हणजे हात-पाय एकदम पुढं-मागं करायचं यंत्र, तीन-चार मिनिटं ठीक. उघड्यावरच्या यंत्रात सहसा भार कमी-जास्त करायची सोय नसते, म्हणून वेग तुमचा तुम्हीच सांभाळायचा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागला की पुरे.

या संचाची खरी किंमत वसूल होते ती ओढायच्या खुर्चीवर. बसायचं, डोक्यावरच्या दोन्ही मुठी धरायच्या आणि खाली ओढायच्या. आपण ओढतो तशी खुर्ची आपल्याला घेऊन वर येते. म्हणजे भार आपल्याच वजनाचा. हे यंत्र का महत्त्वाचं, ते दिवसभराच्या कामाकडं बघितलं की कळतं. निंदण पुढं वाकून, कापूस वेचणी पुढं वाकून, धुणं-भांडी पुढं वाकून, पाजणं पुढं वाकून, लेकराला उचलणं पुढं वाकून. छातीचे स्नायू आखडतात, दोन खवाट्यांमधले, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडांमधले, ताणून थकतात, आणि रात्री मान-पाठ भरून येते. ‘वावरात राबते, तिला आणखी व्यायाम कशाला’ असं म्हणणाऱ्याला उत्तर हेच: वावरात सगळं पुढंच होतं, मागं ओढणं कुठंच होत नाही.

बसताना पाठ टेकवा, पाय जमिनीवर किंवा पट्टीवर सपाट. ओढण्याआधी खांदे कानांपासून खाली आणा. आधी कोपरं नाही, खवाटे हलले पाहिजेत. मागं बरगड्यांवर खिसे आहेत आणि कोपरं त्यांत घालायची आहेत, असं समजा. दोन आकडे मोजत ओढा, श्वास सोडा. तीन आकडे मोजत मुठी सावकाश वर जाऊ द्या. चूक होते ती इथंच: खुर्ची धाडकन खाली सोडली की खाली रबराच्या गुटक्यावर आपटते आणि धक्का थेट मणक्याला बसतो. पहिले दोन आठवडे आठ-आठच्या दोन फेऱ्या, मध्ये एक मिनिट थांबायचं. पुढं दहा, मग बारा. शेवटचे दोन जड वाटले पाहिजेत. अजिबात जड वाटत नसतील तर परत सोडताना पाच आकडे मोजा. भार वाढवायचा दुसरा मार्ग या यंत्रात नाही.

त्याच्या जोडीला पाय रेटायची खुर्ची, लेग प्रेस. टाचांनी रेटा, चवड्यांनी नको, आणि रेटताना श्वास सोडा. श्वास रोखून जोर लावला की दाब ओटीपोटाच्या तळावर जातो. लघवीचा थेंब गळला किंवा खाली जड वाटलं, तर फेरी तिथंच थांबवा आणि आवळण्याचा व्यायाम आणखी महिनाभर करा. ही तक्रार नेहमीची आहे, लाजेची नाही, पण सोसत बसायचीही नाही. राहिलीच तर दवाखान्यात सांगा.

खांद्याचं मोठं चाक एका त्रासात जपून वापरा. लेकराला काखेत हात घालून, अंगठे ताणून वारंवार उचलल्यानं अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखायला लागतं, आईचं आणि बापाचंही. अशा वेळी चाकाची मूठ घट्ट आवळली की दुखणं वाढतं. उचलताना एक तळवा ढुंगणाखाली, दुसरा मान-डोक्याखाली, अंगठा बोटांना चिकटलेला. आधी ते सुधारा.

इतकं मिळून बारा मिनिटं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत बाळंतपणानंतर, काही अडचण नसेल तर, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगितला आहे. पण तो एकदम करावा लागत नाही, तुकड्यांची बेरीज धरतात. यंत्रांवर आठवड्याची पन्नास मिनिटं होतील, बाकी चालण्यात भरा. व्यायामानं दूध आटतं ही भीती मनातून काढून टाका. मध्यम व्यायामानं आटत नाही. आधी पाजून घ्या, छाती हलकी राहते, आणि आल्यावर तांब्याभर पाणी प्या.

चिकाटी कुठं तुटते, तेही बघायला हवं. पहिला आठवडा उत्साहाचा असतो. दुसऱ्या आठवड्यात लेकराला लसीचा ताप येतो, दोन रात्री जागरण होतं, तीन खाडे पडतात आणि मग ‘आता पुढच्या सोमवारपासून’ सुरू होतं. इच्छाशक्तीला दोष देण्यात अर्थ नाही. ठरलेली पाळी नसते, हे खरं कारण. नवऱ्याची पाळी पहाटे, दूध काढून झाल्यावर, वावरात जाण्याआधी. बायकोची दिवेलागणीला, तेव्हा लेकरू बापाजवळ किंवा सासूबाईंजवळ. वेळ घड्याळाला न बांधता कामाला बांधा, कारण धार काढणं आणि दिवा लावणं काही केल्या चुकत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितो तसे व्यायामाचे खाडे लिहा, दोघांचे वेगळे. नियम एवढाच: आठवड्यात तीन खाडे चालतील, लागोपाठ दोन नाहीत. रात्र वाईट गेली असेल तर नुसती ओढायच्या खुर्चीची एक फेरी करून परत यायचं, आणि तो दिवस भरलेला धरायचा. बायकोची पाळी बुडाली तर ती नवऱ्यानं भरून द्यायची, लेकरू घेऊन. माझ्या मते या सगळ्यात हाच नियम मोठा आहे. बहुतेक घरांत खाडे आईचेच पडतात.

माहेरी असताना सुरुवात झाली तर बरंच. तिथं लाज वाटत नाही. सासरी चारचौघांसमोर यंत्रावर बसणं जड जातं, म्हणून दोघी-तिघींनी मिळून जा. कपड्याचं मात्र सांभाळा: क्रॉस ट्रेनरच्या सांध्यात पदर किंवा ओढणी अडकते. पदर खोचून पिन लावा, जमलं तर सलवार-कुर्ता घाला. चप्पल पायपट्टीवरून सटकते, मागं पट्टा असलेली सँडल घाला. लेकरू कमरेला बांधून यंत्रावर चढू नका, आणि ज्याच्याकडं लेकरू असेल त्यानं दहा पावलं दूर बसावं. पट्टी खाली येते तिथं बोट चेंगरतं.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. अकोला, नागपूर, चंद्रपूर पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा मुठी सकाळी लवकरच तापतात आणि दिवेलागणीलाही गरम असतात. हाताची मागची बाजू टेकवून बघा. तीन सेकंद ठेववत नसेल तर ती पाळी चालण्यात घाला, तीही सूर्य उगवण्याआधी किंवा पार अंधारल्यावर.

देखभालीचा मुद्दा आपल्या काळ्या मातीचा आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळं उथळ घातलेला सिमेंटचा पाया हलतो आणि दोन-तीन वर्षांत खांब कलायला लागतो. बसण्याआधी खांब दोन्ही हातांनी हलवून बघा. बुडाशी माती आणि सिमेंटमध्ये फट दिसली, नट गेलेला असला, किंवा रबराचा गुटका गायब असला तर त्या यंत्रावर बसू नका. सांध्यातून करकर येत असेल तर ट्रॅक्टरचं ग्रीस लावून बघायला हरकत नाही. पण बेअरिंग बंद प्रकारचं असेल तर वरून ग्रीस लावून काही होत नाही, ते बदलावंच लागतं. त्याच्या कडेवर आकडा कोरलेला असतो; तो उतरवून घेतला की तालुक्याच्या दुकानात तसंच मिळतं.

आणि एक. लोक ज्याला आळस म्हणतात तो कधीकधी रक्त कमी असल्याचा थकवा असतो. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची लाल गोळी घ्यायची असते. चहासोबत घेऊ नका, लोह नीट लागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास राहिलं, लेकराजवळही जावंसं वाटेना, तर व्यायामाचा आग्रह बाजूला ठेवून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर बोला. अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागलं, एका पोटरीला सूज आणि दुखणं आलं, छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली, तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. तब्येत जास्तच बिघडली तर १०८ ला फोन करा.

१५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आई आणि बाप दोघांनीही जा आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मागण्या तीन ठेवा: दिवेलागणीला जळणारा एक दिवा, लेकरू घेऊन बसायला निंबाखाली एक बाक, आणि पुढच्या खेपेला ट्विस्टर आणण्याऐवजी ओढायची दुसरी खुर्ची.