श्रवणशास्त्रात पीएचडी : जर्मनी की मुंबई?

मास्टर्स झालंय, आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर हातात आहे आणि पीएचडी करायचीच हे पक्कं आहे, अशांसाठी हे लिहितोय. जर्मनीत जाऊन श्रवणाच्या मेंदूविज्ञानात शिरायचं, की इथेच क्लिनिकल ऑडिओलॉजी करायची? मी जर्मनीतल्या एका विभागात काही महिने इंटर्नशिप केली आणि शेवटी मुंबईत नाव नोंदवलं. तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

पैशात जर्मनी सरळ पुढे. तिथे पीएचडीचा विद्यार्थी बहुधा पगारी नोकर असतो. करार, विमा, फी जवळपास नाहीच. करार बऱ्याचदा 65 टक्के वेळेचा आणि काम मात्र पूर्ण वेळ, हा भाग वेगळा. इथे जेआरएफ, म्हणजे सरकारी संशोधन फेलोशिप, मिळाली तर महिना 37,000, दोन वर्षांनी 42,000. नाही मिळाली तर ओपीडी सांभाळत थिसिस.

विज्ञानाची खोलीही तिथे जास्त, हे मान्यच. 2009 मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत होते, पण कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले बरेचसे सांधे (सिनॅप्स) कायमचे जातात. माणसात हे पकडायला बेराची, म्हणजे आवाजाला श्रवणतंतू आणि मेंदू देतात त्या विद्युत प्रतिसादाच्या चाचणीची, पहिली लाट बघतात. तिची उंची माणसागणिक इतकी बदलते की निष्कर्ष डळमळतात. अशा प्रश्नाला प्राणी, पेशंट आणि गणिती मॉडेल एकत्र लागतात. ओल्डनबर्ग-हॅनोव्हरच्या ‘हिअरिंग फॉर ऑल’ या संशोधन-समूहात ते सगळं जुळून येतं. आपल्याकडच्या क्लिनिकमधलं बेरा मशीन बहुधा सरासरी काढलेली लाटच हाती देतं. कच्च्या नोंदी मागितल्या की कंपनीचा माणूस ब्रोशर देतो.

मग माझं अडलं कुठे? फ्रायबुर्गच्या शब्दचाचणीत. हेडफोनमधून छोटे छोटे 20 शब्द ऐकवायचे, पेशंट काय म्हणतो ते ऐकून बरोबर-चूक अशी खूण करायची. एक शब्द म्हणजे 5 टक्के. 65 डेसिबलला 80 टक्क्यांच्या वर गेलात की श्रवणयंत्रासाठी विमा हात आखडता घेतो, इतकं या आकड्याला वजन. आणि कवळी काढून बसलेले आजोबा ‘बाख’ म्हणाले की ‘डाख’, हेच मला कळेना! जर्मनची बी-वन परीक्षा पास होऊनसुद्धा. कमी कोणाला ऐकू येतंय, त्यांना की मला? शेवटी खुणा शेजारची विद्यार्थिनी करायची, मी नुसती बटणं दाबायचो. ओल्डनबर्गच्या वाक्यचाचणीत पेशंट पडद्यावर स्वतः शब्द निवडू शकतो, तिथे भागायचं. पण आपल्याच पेशंटचं उत्तर दुसऱ्याच्या कानाने ऐकायचं, हे काही मला झेपलं नाही.

मुंबईत विदर्भाकडच्या आजी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाल्या तर ती बोली, मी बरोबरची खूण करतो. ‘साप’ला ‘ताप’ म्हणाल्या की वरच्या फ्रिक्वेन्सी गेल्यात का म्हणून ऑडिओग्राम (ऐकण्याचा आलेख) पुन्हा बघतो. हे कोणी शिकवावं लागत नाही.

म्हैसूरची आयिश ही वाचा-श्रवण संस्था 1965 पासूनची, या विषयातलं मोठं नाव, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेपेक्षा 18 वर्षांनी जुनी. पण तिथल्या ओपीडीत कन्नड आलं नाही तर माझी तीच गत. विषय शुद्ध स्वरांचा (शब्द नव्हेत, यंत्राचे एकाच फ्रिक्वेन्सीचे आवाज) किंवा बेराचा असेल तर मात्र म्हैसूर काय, जर्मनी काय, खुशाल जा. पेशंटच्या बोलण्यावर थिसिस उभा राहणार असेल तर, माझ्या मते तरी, स्वतःच्या भाषेची ओपीडी सोडू नये.

फक्त गाईडला आधीच दोन गोष्टी विचारा : साउंडप्रूफ खोली किती वाजता मोकळी होते, आणि कच्च्या नोंदी बाहेर काढता येतात का. आमच्याकडे खोली ओपीडी आटोपल्यावर, म्हणजे दुपारी तीननंतर मिळते. नोंदींसाठी मी दुसऱ्या विभागाचं ईईजी मशीन मागून आणतो, आणि ते लोक शनिवारीच देतात.