राष्ट्रप्रमुखावर खटला: आत्ता, की पायउतार झाल्यावर?

माझी भाची इथे बडोद्यात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वादविवाद स्पर्धेसाठी तिला विषय मिळालाय: 'पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षावर फौजदारी खटला चालवता यावा.' बाजू आपली आपण निवडायची, शनिवारपर्यंत कळवायची. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दोन संध्याकाळी आम्ही यावर बसलो. आणखी कुणाला बाजू ठरवायची असेल तर उपयोग होईल म्हणून त्या चर्चेचं सार इथे मांडतोय.

भाचीने पहिल्याच वाक्यात भारताचे राष्ट्रपती आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष शेजारी ठेवले. तिथेच मी तिला थांबवलं. आपल्या राज्यघटनेचं कलम ३६१ अगदी स्पष्ट आहे. राष्ट्रपती किंवा राज्यपाल पदावर असेपर्यंत त्यांच्यावर कोणताही फौजदारी खटला दाखल होत नाही, आधीचा असेल तर पुढे चालत नाही आणि अटकेचं वॉरंटही निघत नाही. पदाच्या अधिकारात केलेल्या कृतींसाठी ते कोणत्याही न्यायालयाला जबाबदार नाहीत. पण ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. ज्यांच्या हातात खरी सत्ता असते त्या पंतप्रधानांना आणि मुख्यमंत्र्यांना हे कवच नाहीच. अरविंद केजरीवालांना २१ मार्च २०२४ रोजी अटक झाली, तेव्हा ते दिल्लीचे मुख्यमंत्री होते. म्हणजे आपण कवच दिलं ते सत्ता वापरणाऱ्याला नाही, राष्ट्राचं प्रतीक असलेल्या पदाला दिलं.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष स्वतःच सरकार चालवतात, आणि त्यांच्यावर खटला चालतो की नाही याबद्दल घटनेत थेट शब्द नाही. पदावर असताना आरोप ठेवायचे नाहीत हा तिथल्या न्याय खात्याचा अंतर्गत अभिप्राय आहे, १९७३ सालचा आणि २००० साली पुन्हा मांडलेला. कोणत्याही न्यायालयाने हा मुद्दा थेट निकाली काढलेला नाही. १ जुलै २०२४ च्या ६ विरुद्ध ३ अशा निकालात सर्वोच्च न्यायालयाने वेगळंच पाऊल टाकलं. घटनेने फक्त राष्ट्राध्यक्षांना दिलेल्या मूळ अधिकारांतल्या कृतींना पूर्ण संरक्षण, इतर अधिकृत कृतींना प्रथमदर्शनी (म्हणजे सरकारी वकिलांना खोडून काढता येईल असं) संरक्षण आणि खासगी कृतींना काहीच नाही. हे संरक्षण पद सोडल्यावरही टिकतं.

म्हणून माझं म्हणणं असं की 'खटला चालतो का' या प्रश्नाचे दोन भाग करा: कधी चालतो आणि कशाबद्दल चालतो. नुसतं 'कधी' पुढे ढकललं असेल तर न्याय उशिरा का होईना, मिळू शकतो. 'कशाबद्दल' यातूनच कृती वगळल्या की त्या कायमच्या सुटतात. मला काळजी वाटते ती या दुसऱ्याची.

पुढे ढकलणं प्रत्यक्षात कसं चालतं ते उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कल्याणसिंह यांच्या प्रकरणात दिसतं. बाबरी खटल्यातले कटाचे आरोप पुन्हा लागू करा असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये सांगितलं. ते तेव्हा राजस्थानचे राज्यपाल होते, म्हणून त्यांच्यापुरतं थांबायचं ठरलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ते पायउतार झाले आणि त्याच महिन्यात आरोप ठेवले गेले. पुढच्या वर्षी इतरांसह ते निर्दोष सुटले. निकालाबद्दल कुणाचं मत काहीही असो, कवच पदाबरोबर उतरलं.

पण थांबण्यात एक धोका आहे: खटला दाखल करायची कायदेशीर मुदत. अमेरिकेतल्या बहुतेक केंद्रीय गुन्ह्यांना पाच वर्षांची मर्यादा आहे आणि राष्ट्राध्यक्षाची कारकीर्द आठ वर्षांपर्यंत जाऊ शकते. हिशेब तुम्हीच करा. फ्रान्सने यावर मला सगळ्यांत पटणारा उपाय केलाय. त्यांच्या कलम ६७ नुसार कारकिर्दीत खटला नाही, पण तेवढा काळ मुदतीतून वगळायचा आणि पद सोडल्यावर महिन्याभराने कारवाई पुन्हा सुरू करता येते. तिथले राष्ट्राध्यक्ष जाक शिराक २००७ मध्ये पायउतार झाले, डिसेंबर २०११ मध्ये पॅरिसच्या महापौरपदाच्या काळातल्या बनावट नोकऱ्यांच्या प्रकरणात दोषी ठरले. शिक्षा दोन वर्षांची, स्थगित. आपल्याकडे तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना अशी मर्यादाच नाही, त्यामुळे हा प्रश्न भारतात तेवढा बोचत नाही.

दुसरी बाजू घेणाऱ्यांच्या हातात दक्षिण कोरिया आहे. तिथलं कलम ८४ म्हणतं: कारकिर्दीत आरोप नाहीत, अपवाद बंडाचा आणि देशद्रोहाचा. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला आणि हा अपवाद कामाला आला. जानेवारीत त्यांना ताब्यात घेतलं, त्याच महिन्यात बंडाचा आरोप ठेवला, आणि घटना न्यायालयाने ४ एप्रिल २०२५ रोजी एकमताने त्यांना पदावरून दूर केलं. राष्ट्राध्यक्षच घटनेवर चालून आला तर कारकीर्द संपायची वाट कशी पाहणार? भाची इथे उठून बसली, आणि मलाही याला उत्तर सापडलं नाही.

मग मी तिला आपल्याच शहरातली गोष्ट सांगितली. नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. संशय थेट गादीवरच्या मल्हारराव गायकवाडांवर. त्यांना जानेवारीत अटक झाली आणि सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज, आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बचावाला विलायतेहून बॅलंटाइन वकील आले. इंग्रज सभासदांनी गुन्हा शाबीत धरला, हिंदी सभासदांनी धरला नाही. निकाल तीन-तीन. तरी एप्रिल १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केलं आणि मद्रासला पाठवलं. कवळाण्याचा गोपाळ सयाजीराव होऊन गादीवर आला, आणि त्यांच्या कारभाराचं भलं आम्ही आजही भोगतो. पण मल्हाररावांवर आरोप सिद्ध झाला नाही, ही बाब त्याने पुसली जात नाही. खटला उभा करणारा, न्यायाधीश नेमणारा आणि शेवटी हाकलणारा एकच होता.

इंदुरात १९२५-२६ मध्ये उलटं झालं. मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला, हल्लेखोरांपैकी काही होळकर दरबारशी संबंधित होते. खटला त्यांच्यावर चालला. इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्यासमोर चौकशी कमिशन किंवा गादी सोडणं असे दोनच पर्याय होते. त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. त्यांचा दोष होता की नव्हता, हे कोणत्याही न्यायालयाने तपासलंच नाही.

या दोन गोष्टींमुळे माझा कल ठरला: पदावर असताना खटला हे हाकलण्याचं हत्यार होऊ शकतं, आणि पद सोडल्यावर तो सोडूनच दिला तर खरं कधी कळत नाही. पदावर असताना सर्वसाधारण गुन्ह्यांचा खटला थांबवावा, मुदत गोठवावी, अधिकृत कृतींना पद सोडल्यावरचं कायमचं कवच देऊ नये, आणि बंडाला कोरियासारखा अपवाद ठेवावा. बाजू म्हणून पाहिलं तर हे 'विरोधात'कडे झुकतं, पण अपवाद आधीच कबूल करून. तो लपवलात तर समोरचा सोलची ती रात्र काढेल आणि तुमची आठ मिनिटं त्याचाच खुलासा करण्यात जातील.

'बाजूने' बोलणार असाल तर महाभियोगावरून, म्हणजे संसदेने राष्ट्रपतींना पदावरून दूर करण्याच्या प्रक्रियेवरून, सुरुवात करा. आपल्या राज्यघटनेच्या कलम ६१ खाली एका सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सहीची चौदा दिवसांची नोटीस लागते, नंतर दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं. कारण एकच, घटनाभंग. राष्ट्रपतींनी खासगी आयुष्यात साधा फौजदारी गुन्हा केला तर तो या कलमात बसतो का, हे न्यायालयासमोर कधी आलेलं नाही. विरोधात बोलणाऱ्यांनी याचं उत्तर घरूनच तयार करून आणावं. भाचीची वही अजून याच पानावर उघडी आहे.