ऱ्हिदम हाऊस, काळा घोडा: ऐकून घ्यायचं दुकान

ख्याल, म्हणजे रागदारी गायनाचा मुख्य प्रकार, ऐकणाऱ्या माणसासाठी मुंबईत ऱ्हिदम हाऊसच्या तोडीचं गाण्यांचं दुकान नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. जहांगीर आर्ट गॅलरीतून बाहेर पडून के. दुभाष मार्गाकडे वळलं की कोपऱ्यावर ते दिसायचं. सुरुवात १९४८ची, शटर कायमचं खाली आलं ते फेब्रुवारी २०१६च्या अखेरीस. मधली कित्येक दशकं ते कर्मली कुटुंबाने चालवलं.

सुरू झालं तेव्हा आपल्याकडे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांचं राज्य होतं. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. तेवढ्यात अस्ताई, अंतरा हे बंदिशीचे दोन भाग, चार ताना, की आटोपला राग. मग एलपी ही जास्त वेळ चालणारी तबकडी आली, बाजूला वीसेक मिनिटं. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला अर्धा तास मिळाला. आणि सीडीवर सलग ७४ मिनिटं, म्हणजे विलंबित, संथ लयीतला ख्याल मैफलीत रंगतो तसा एकदाचा घरी ऐकता आला, मध्ये उठून बाजू न बदलता. ही चारही रूपं या एकाच दुकानाने विकली. गल्ल्यावर गाण्याच्या कार्यक्रमांची तिकिटंही मिळायची.

एलपीच्या दिवसांत आत ऐकण्यासाठी छोट्या केबिन होत्या. तबकडी लावून ऐकायची, पटली तर घ्यायची. माझे बाबा पगार झाला की फोर्टातल्या ऑफिसातून चालत तिथे जायचे. घरी आणायचे एखादीच, पण जी आणायचे ती पारखून आणलेली असायची.

मी गेले ती कॅसेटच्या काळात. जयपूर घराण्याच्या गायकीची तालीम नुकती सुरू झाली होती आणि त्याच घराण्याचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर, म्हणजे अण्णा, यांचं काहीतरी हवं होतं. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "स्टुडिओतलं की मैफलीतलं?" मला फरकच कळला नाही. त्यांनी दोन्ही कॅसेटी पालथ्या करून समोर ठेवल्या. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, ते मागचं बारीक अक्षर वाचायला लावलं. म्हणाले, "ताई, शिकताय ना? मग मैफलीतली घ्या. दाद आली की अण्णा पुढची तान कशी उचलतात ते ऐका." घरी जाऊन ऐकलं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, समोरून "क्या बात है" येतं आणि अण्णा श्वास न घेता थेट तालाच्या पुढच्या आवर्तनात शिरतात. ही जागा गुरुजींनी मला पुढे कितीतरी दिवसांनी समजावली. काउंटरवर ती पहिल्याच भेटीत मिळाली होती.

दुकान बंद पडण्याची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत: पायरसी, डाऊनलोड, मग फोनवरचं गाणं. फोनवर आज राग हवा तितका वेळ चालतो, पण साथीला कोण आहे हे बरेचदा लिहिलेलंच नसतं. तबलजीचं नाव न देता ख्याल ऐकवणं मला अन्यायाचं वाटतं. अर्धी मैफल त्याची असते.

पुढे ती जागा नीरव मोदीने घेतली, बँक घोटाळ्यानंतर ईडीच्या जप्तीत अडकली आणि २०२४मध्ये 'भाने' या कपड्यांच्या ब्रँडवाल्या समूहाने ती ४७.८४ कोटींना घेतल्याच्या बातम्या आल्या. जागा त्यांची, त्यांनी हवं ते विकावं. मात्र एका कोपऱ्यात टर्नटेबल, दोन हेडफोन आणि गाणं कळणारा एक माणूस ठेवावा, एवढी माझी मनापासून मागणी आहे. शास्त्रीय संगीत शिकणारी मुलं आजही या शहरात पुष्कळ आहेत, आणि "स्टुडिओतलं की मैफलीतलं?" असं त्यांना विचारणारं कुणीतरी हवं आहे.