‘ऑनवर्ड’ बघताना बाबांनी बल्बची बाजू घेतली

सिनेमा सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच बाबा दिवाणावर उठून बसले. “असं कसं बाप्पा? बटन दाबलं की लागते म्हणे! अन् खांबावर कोन चढते?”

बाबा एमएसईबीत लाइनमन होते. आणि ‘ऑनवर्ड’ सुरू होतो तोच असा : एकेकाळी जगात जादू होती, पण शिकायला महाकठीण. मग कुणीतरी विजेचा बल्ब काढला, बटन दाबलं की उजेड. जादू पडली अडगळीत. आता त्या जगात चिमुकल्या पऱ्या उडणं विसरून मोटरसायकली दामटतात, युनिकॉर्न कचऱ्याचे डबे उलथतात (आमच्या गल्लीत हे खातं डुकरांकडे आहे), आणि चार पायांचा सेंटॉर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा, पोलिसवाला कसाबसा कारमध्ये कोंबून बसतो. थोडक्यात काय, विजेनं लोक आळशी झाले. नागपुरातल्या झिंगाबाई टाकळीत, जिथे गच्चीवर उभं राहिलं की कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, त्या घरात हे पटणं कठीणच होतं. “बाबा, पुढे बघा तर खरं,” म्हणून मी त्यांना बसवलं.

पिक्सारचा हा ॲनिमेशन सिनेमा 2020 च्या मार्चमध्ये आला आणि लगेच कोरोनानं थिएटरंच बंद पडली. आमचा तेव्हा राहूनच गेला. परवा रविवारी कूलरसमोर बसून हॉटस्टारवर पाहिला, इंग्रजीतच. भाषांतराचं काम माझ्या नऊ वर्षांच्या मुलाकडे होतं, ते त्यानं सोयीप्रमाणे केलं.

गोष्ट दोन एल्फ (परीकथांतले टोकदार कानांचे जीव) भावांची. धाकटा इयान सोळा वर्षांचा, बुजरा. त्याच्या जन्माआधीच वडील गेलेले. थोरला बार्ली धिप्पाड, बडबड्या, सगळ्यांच्या मते वाया गेलेला. वडिलांनी मागे ठेवलेली जादूची काठी मिळते, सोबत एक मंत्र : बाप एका दिवसासाठी परत येईल. मंत्र अर्ध्यात फसतो आणि बाप येतो तो फक्त कमरेपर्यंत. खाकी पँट, पट्टा, बूट, जांभळे मोजे. वर काहीच नाही! उरलेला बाप मिळवायला दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंतची मुदत.

मी घरी शिलाई करते, त्यामुळे पुढचं मला फार आवडलं. पोरं कपड्यात कपडे कोंबून त्या पँटीवर एक धड बसवतात, वर टोपी, गॉगल. ते धड दर पावलाला मागे-पुढे लुढकतं, आणि खाली पाय आपले इमानदारीत चालत असतात. मुलगा लोळून लोळून हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, “आई, पण याला भूक लागली तर?”

दिग्दर्शक डॅन स्कॅनलन एक वर्षाचा असताना त्याचे वडील वारले. पुढे नातेवाइकांकडून एक टेप मिळाली, तिच्यात वडिलांच्या आवाजात दोनच शब्द होते : हॅलो आणि गुडबाय. हे माहीत असलं की इयानचा टेपरेकॉर्डरचा प्रसंग वेगळाच लागतो. टेपवर बाप कुणाशी तरी साधंसुधं बोलतोय आणि मधल्या रिकाम्या जागांत हा आपली वाक्यं भरतोय. त्या ठिकाणी मला शिलाईतला काजा बाजूला ठेवावा लागला.

मधला भाग मात्र ढिला आहे. पऱ्यांच्या गँगचा पाठलाग उगाच लांबवलाय. पोरांची आई आणि मँटिकोर (पंख आणि विंचवाची नांगी असलेली सिंहीण) यांची जोडी झकास, पण त्यांना काम कमी. शेवटचा ड्रॅगन म्हणजे नुसता धुरळा. पाच वर्षांखालचं पोरगं असेल तर तिथे मांडीवर घ्या.

पण दरीचा प्रसंग! इयानला मंत्र म्हणून न दिसणाऱ्या पुलावर पाऊल टाकायचं आहे. विश्वास असेल तोवरच पूल आहे. कमरेला दोरी, दुसरं टोक बार्लीच्या हातात. मधे ती दोरी सुटून पडते. बार्लीला दिसतं, इयानला पत्ता नाही.

“अबे, दोरी सुटली ना!” बाबा ओरडले. “सांगत काहून नाही थो?” आणि मग, इयान पुढची पावलं टाकत असताना, हळूच : “बरोबर आहे. सांगितलं असतं तर पडलाच असता पोट्टा.”

यानंतर बल्बबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

आणखी एक. बाप समोर आहे पण त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही. बार्ली त्याच्या बुटावर बोटांनी ठेका धरतो, लहानपणी धरायचा तसा. क्षणभरानं तो बूट उत्तर देतो. तेव्हा मला आठवलं ते भर पावसातलं. लाइट गेले की आम्ही पोरं खांबाखाली जमायचो, बाबा वर. अंधारात टॉर्चचा उजेड त्यांच्या हातांवर, आणि खालून आम्हाला दिसायचे फक्त पाय. कितीतरी वर्षं माझे बाबा मला तेवढेच नीट माहीत होते.

शेवटी बाप कुणाला भेटतो ते सांगत नाही, ते स्वतः बघा. पाचातले चार तारे माझे. मुलाचे पाच, ड्रॅगनसाठी.

बाबांना विचारलं, तर त्यांना सगळ्यात जास्त आवडली ती बार्लीची खटारा व्हॅन. ऑफिसची जुनी जीप अशीच होती म्हणाले, धक्का मारल्याशिवाय हलायची नाही. व्हॅन दरडीवर जाऊन आदळते तेव्हा ते पाणी प्यायला उठून गेले होते. परत येऊन विचारलं, “गाडी कुठे गेली?” आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.