रोज तशीच पोळी देणारं नौपाड्यातलं पोळी-भाजी केंद्र

पोळी-भाजी केंद्राबद्दल लिहिताना लोक भाजीच्या चवीपासून सुरुवात करतात. मी पोळीपासून करतो, कारण आमच्या घरी सगळं पोळीवर अडतं. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. तो ऑटिस्टिक आहे आणि मोजकंच खातो: घडीची पोळी, साजूक तूप, साधं वरण आणि भात, बटाट्याच्या काचऱ्या, केळं, दूध. त्याची आई कॅन्सरने गेली, त्याला तीन वर्षं झाली. घरात आता आम्ही दोघंच. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशेब बघतो. दिवसा तो विशेष शाळेत असतो आणि शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत शेजारच्या ताईंकडे.

हे केंद्र गोखले रोड आणि राम मारुती रोडच्या मधल्या एका गल्लीत आहे. नाव लिहू नका असं मालकीण काकूंनीच सांगितलंय. पाच-सहा बायकांच्या हातावर चालणारं दुकान, एकदम गर्दी वाढली तर रोजच्या गिऱ्हाइकांना पोळ्या पुरायच्या नाहीत. ठाण्यात अशी केंद्रं गल्लोगल्ली आहेत. इथे आम्हाला जे मिळतं ते तुमच्या नाक्यावरच्या केंद्रात मागून बघता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पोळी कशी लागते ते सांगतो. पुरीएवढी लाटून, तेल लावून, पीठ भुरभुरून त्रिकोणी घडी घालायची आणि पुन्हा पातळ लाटायची. तव्यावरच भाजायची, आचेवर धरायची नाही. डाग फिकट बदामी हवेत. काळा डाग दिसला की पोळी बाजूला. काठ जाड राहिला तरी बाजूला. तो आधी पोळी नाकाशी नेतो, मग बोटाने काठ दाबून बघतो, मग दोन्ही हातांनी पदर सोडवतो. पदर सुटले नाहीत तर तो तिला पोळी समजतच नाही. हे लाड नव्हेत, हट्टही नव्हे. वास, स्पर्श, ओलसरपणा ह्यांतला जो फरक आपल्या लक्षातही येत नाही, तो त्याला अंगावर आल्यासारखा जाणवतो. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांचं खाणं असं आक्रसलेलं असतं, आणि 'दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल' हा सल्ला अशा मुलाच्या बाबतीत धोक्याचा आहे. ही मुलं खरोखर उपाशी राहतात.

बायको गेल्यावर आधी एका मेसचा डबा लावला. पोळी सोमवारी पातळ, मंगळवारी जाड, आणि कायम फॉइलमध्ये वाफ धरून ओली झालेली. मोबाइलवरून मागवून पाहिलं, तर एकाच नावाखाली दर वेळी वेगळ्या हातची पोळी यायची. पोरगं हाडकुळं झालं. विकासात्मक बालरोगतज्ज्ञांनी वजनाचा तक्ता समोर ठेवला आणि म्हणाल्या, "नवीन पदार्थांचं नंतर बघू. जे खातो ते आधी पक्कं करा."

ते पक्कं केलं ह्या दुकानाने. मी काकूंना भेटलो तेव्हा दुपार होती, तवा बंद होता. त्यांनी पोळ्या लाटणाऱ्या मावशींनाच बाहेर बोलावलं. मावशींनी दोनच प्रश्न विचारले: घडी त्रिकोणी की चौकोनी, आणि गहू कुठला. बायको लोकवनच आणायची, दुकानातही लोकवनच होता. त्या संध्याकाळपासून त्याच्या पाच पोळ्या वेगळ्या भाजतात, मंद आचेवर. भाजून झाल्या की चाळणीवर उघड्या ठेवतात, वाफ गेली की आमच्या स्टीलच्या डब्यात सुती फडक्यात. फॉइल नाही, कारण त्या कागदाची चुरचुर त्याला सहन होत नाही. एका पोळीचे दहा रुपये, जे सगळ्यांना तेच आम्हाला. वेगळ्या भाजण्याचे जास्त पैसे द्यायला निघालो तर काकू म्हणाल्या, "भाऊ, तवा तोच आहे, गॅस तोच आहे, कसले पैसे?"

संध्याकाळी साडेसहाला आम्ही दोघं जातो. सातनंतर स्टेशनवरून येणाऱ्यांची रांग लागते, त्याच्या आत. त्याच्या गळ्यात चित्रांच्या कार्डांची पट्टी असते: चप्पल, दुकान, डबा, घर, जेवण. दुकान आलं की तो डब्याचं कार्ड काढून काउंटरवर ठेवतो. इथे काकू जे करतात त्याला माझ्या लेखी सगळ्यात जास्त किंमत आहे. त्या माझ्याकडे बघत नाहीत. त्याच्याकडेही रोखून बघत नाहीत. कार्डाजवळ हात ठेवून थांबतात. कधी त्याला अर्धं मिनिट लागतं, कधी त्याहून जास्त. मागचं गिऱ्हाईक चुळबुळ करायला लागलं तर त्याला हाताने 'थांबा' म्हणतात. तो कार्ड पुढे सरकवतो, मग त्या म्हणतात, "पाच पोळ्या. घे." रोज हेच शब्द, ह्याच चालीत. आत मिक्सर चालू असेल तर आम्हाला पाहून बंद करतात. कान झाकणारे मफ्स तो घालतोच, पण चटणी वाटायच्या मिक्सरपुढे ते पुरत नाहीत. डॉक्टर, दुकानदार, नातेवाईक, सगळे मुलाचा प्रश्न बापाला विचारतात. माझ्या मुलाशी व्यवहार करणारं ठाण्यातलं पहिलं दुकान हे.

घरी तो आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप वापरतो. चित्रावर बोट ठेवलं की ते मराठीत बोलतं. आई गेल्यावर तो 'आई' दाबायचा आणि लगेच 'पोळी'. नातेवाइकांनी त्याला 'आई देवबाप्पाकडे गेलीय' असं सांगितलं होतं. गेली म्हणजे येणार, असा त्याचा सरळ अर्थ, म्हणून तो संध्याकाळी दाराशी बसायचा. समुपदेशकांनी सांगितलं की अशा मुलाला मृत्यू झाकून सांगू नका, साध्या शब्दांत सांगा आणि प्रत्येक वेळी तेच शब्द वापरा. मग मी म्हणायला लागलो, "आई मेली. आई परत येणार नाही. पोळी मिळेल, बाबा देईल." पहिली दोन वाक्यं म्हणताना माझा आवाज जायचा. तिसरं वाक्य मला खात्रीने म्हणता आलं ते हे केंद्र मिळाल्यावर. आता तो 'आई' दाबतो तेव्हा आम्ही तिचा फोटो बघतो. पोळीचा प्रश्न वेगळा झालाय.

दुसरी मोठी सोय म्हणजे बदल आधी कळतो. मावशी रजेवर जाणार असल्या तर काकू आदल्या दिवशी फोन करतात. होळीला आणि दसऱ्याला पुरणपोळीच्या ऑर्डरी असतात, पितृपंधरवड्यात श्राद्धाच्या स्वयंपाकाच्या. तेव्हा साध्या पोळ्या उशिरा होतात, आणि किती उशिरा तेही सांगतात. मग मी त्याच्या पट्टीत घड्याळाचं कार्ड वाढवतो आणि संध्याकाळ निभावते. दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोडपासून तलावपाळीपर्यंत तरुणांची गर्दी आणि मोठमोठे स्पीकर असतात. आम्ही त्या दिवशी घराबाहेर पडत नाही. काकूंचा मुलगा डबा दाराशी आणून देतो.

पोळीच्या पिठात दुधी किंवा बीट मिसळून देऊ का, असं काकूंनी एकदा आपणहून विचारलं होतं. मी नको म्हटलं. लपवून घातलेलं ह्या मुलांना ओळखू येतं, आणि मग जो एक पदार्थ भरवशाचा होता तोही हातचा जातो. त्यापेक्षा नवीन गोष्ट वेगळ्या ताटलीत, नुसती शेजारी ठेवायची, खा म्हणायचं नाही, असं ऑक्युपेशनल थेरपिस्टनी शिकवलं आहे. मावशींनी मग दशमी सुचवली. पीठ दुधात भिजवलेलं, घडी तीच, रंग जवळजवळ तोच. बरेच दिवस ती शेजारच्या ताटलीत नुसती पडून राहायची आणि शेवटी मी खायचो. मग एका रात्री त्याने तिचा काठ दाबून पाहिला. आता दोन पोळ्यांच्या जागी दोन दशम्या जातात. वीस रुपयांना एक, आणि मऊ राहते म्हणून शाळेच्या डब्यालाही चालते.

गहू आणि दूध बंद करा, ऑटिझम बरा होतो, असे मेसेज मलाही येतात. ह्या आहाराने ऑटिझममध्ये फरक पडतो असा पुरेसा पुरावा आजवरच्या अभ्यासांतून मिळालेला नाही. सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) किंवा दुधाची ॲलर्जी तपासणीत निघाली तर गोष्ट वेगळी. ज्याचं अर्धं जेवण पोळी आणि दूध आहे, त्याच्या ताटातून तेच काढलं तर उरतं काय? पालकांनी हे आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

आता जे आवडत नाही ते. भाज्यांना तेल सुटलेलं असतं आणि आमटीत गूळ जास्त. मी स्वतः भाजी घरीच करतो. मुगाची उसळ आणि कोथिंबीर वडी मात्र उत्तम. काचऱ्या त्या जाडसर कापतात, त्यामुळे मुलाला चालत नाहीत, त्याही घरीच. बसायला जागा नाही आणि पायरी उंच आहे, व्हीलचेअर आत जात नाही. गल्लीत दुचाकी लावायचीसुद्धा मारामार. कार्ड चालत नाही, रोख किंवा क्यूआर कोड.

रविवारी संध्याकाळी दुकान बंद असतं. पहिले काही रविवार फार जड गेले. मग मावशींनीच मला दुपारी बोलावून घडीची पोळी शिकवली. माझी कणीक घट्ट व्हायची. त्यांनी माझं बोट धरून कणकेत रुतवलं आणि म्हणाल्या, "खळगा हळूहळू वर आला पाहिजे. लगेच आला तर पाणी कमी, आलाच नाही तर जास्त." आता रविवारच्या पोळ्या मी करतो. त्यातल्या तीन-चार त्याच्या पसंतीला उतरतात, बाकीच्या माझ्या.

एकट्या पालकाला रात्री झोप न लागण्याचं कारण एकच असतं: मला काही झालं तर. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याचं कायदेशीर पालकत्व वेगळं मागावं लागतं. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकारी असलेल्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा असतो. त्याला अजून अवकाश आहे. पण पालकत्व कुणाकडेही असो, रात्री जेवायला काय द्यायचं हे कुणाला तरी माहीत हवं. म्हणून मी एक कागद करून ठेवलाय: तो काय खातो, कसं खातो, कुठल्या आवाजाला घाबरतो, औषधं कुठली. एक प्रत मुलुंडला बहिणीकडे आहे, एक शेजारच्या ताईंकडे, आणि एक काकूंच्या गल्ल्यात. मी संध्याकाळी आलो नाही आणि फोनही उचलला नाही, तर त्या बहिणीला फोन करणार आणि डबा ताईंकडे पोचवणार, असं ठरलेलं आहे. गेल्या पावसाळ्यात मला तापाने दोन रात्री हॉस्पिटलात राहावं लागलं, तेव्हा हे सगळं न सांगता झालं. तो दोन्ही रात्री पोटभर जेवला.

घरी असं मूल असेल तर आपल्या जवळच्या केंद्रात दुपारी चार ते पाचच्या दरम्यान, मुलाला न नेता, आधी एकटे जाऊन बोला. त्या वेळी कणीक भिजत असते आणि लाटणाऱ्या बाईंना उसंत असते. मालकांशी बोलून थांबू नका, लाटणाऱ्या बाईंशीच बोला. घरची एक पोळी नमुन्याला न्या, भाजल्यावर ती कशी दिसते त्याचा फोटो न्या, आणि स्वतःचा डबा न्या. पहिले आठवडाभर दोन पोळ्या जास्त घ्या. फॉइल नको आणि बदल असेल तर आदल्या दिवशी सांगा, ह्या दोन गोष्टी लिहून द्या, म्हणजे दुसरी बाई कामावर असली तरी तिला कळेल.